विश्लेषण : पदवीचा शोधनिबंध पाठवायचा कुठे?

चार वर्षांच्या पदवीत संशोधनाला श्रेयांक मिळाले. मात्र शोधनिबंध कोणत्या जर्नलमध्ये छापावा, हे सांगणारी सरकारी यादी नेमक्या त्याच काळात रद्द झाली. दोन दिवसांत शोधनिबंध छापून प्रमाणपत्र देणाऱ्यांचे संदेश विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर रोज येत आहेत. अशा वेळी खास विद्यार्थ्यांसाठी चालणाऱ्या, तज्ज्ञांकडून तपासून घेऊनच लेख छापणाऱ्या जर्नलचा पर्याय किती खरा आहे, तिथे शोधनिबंध पाठवल्यावर नेमके काय घडते आणि कशापासून सांभाळायचे, याचा हा आढावा.

हा प्रश्न आताच का?

विद्यापीठ अनुदान आयोगाने (यूजीसी) डिसेंबर २०२२ मध्ये पदवी अभ्यासक्रमांची नवी चौकट जाहीर केली. त्यानुसार पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के किंवा त्याहून अधिक गुण मिळवणाऱ्या विद्यार्थ्याला चौथ्या वर्षी ‘ऑनर्स विथ रिसर्च’ची वाट घेता येते. त्यात १२ श्रेयांकांचा संशोधन प्रकल्प किंवा प्रबंध करावा लागतो. महाराष्ट्रात स्वायत्त महाविद्यालये आणि विद्यापीठांच्या विभागांमध्ये हे धोरण २०२३-२४ पासून, तर संलग्न महाविद्यालयांमध्ये २०२४-२५ पासून लागू झाले. म्हणजे स्वायत्त महाविद्यालयांतील पहिली तुकडी २०२६-२७ मध्ये चौथ्या वर्षात असेल आणि संलग्न महाविद्यालयांतील तुकडी त्याच्या पुढच्या वर्षी.

पदवीच्या मुलांनी संशोधन करणे राज्याला नवे नाही. राज्यपालांच्या पुढाकारातून २००६ मध्ये सुरू झालेली ‘आविष्कार’ ही आंतरविद्यापीठ संशोधन स्पर्धा आहे. मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राचा ‘एनआययूएस’ अर्थात ‘नियस’ हा पदवीच्या विज्ञान विद्यार्थ्यांसाठीचा उपक्रम २००४ पासून चालू आहे. वैद्यकीय विद्यार्थ्यांसाठी आयसीएमआरची अल्पमुदतीची विद्यार्थी संशोधन योजना तर १९७९ पासूनची. पण या सगळ्यांत हौशी, निवडक मुले होती. आता संशोधन हा अभ्यासक्रमाचाच भाग होतो आहे आणि प्रबंध हातात आला की पुढचा प्रश्न ओघाने येतो : ‘सर, हे पब्लिश कुठे करायचे?’

यादी होती, ती कुठे गेली?

यूजीसीने २०१७ मध्ये मान्यताप्राप्त जर्नलची प्रचंड मोठी यादी जाहीर केली. त्यात विद्यापीठांनी सुचवलेली जर्नलही सरसकट घेतली गेली. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातील भूषण पटवर्धन, शुभदा नगरकर आणि सहकाऱ्यांनी या विद्यापीठांनी सुचवलेल्या गटातील १,००९ जर्नल तपासली. त्यांचा निष्कर्ष २०१८ मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये प्रसिद्ध झाला : निकषांवर टिकली ती केवळ ११२. बाकीच्यांपैकी कुणाचा पत्ता धड नाही, कुणाचे संपादक मंडळ दिसत नाही, कुणाचा आयएसएसएन क्रमांक चुकीचा, कुणाचा ‘इम्पॅक्ट फॅक्टर’ बनावट. त्याच वर्षी मे महिन्यात यूजीसीने यादीतून ४,३०५ जर्नल काढून टाकली.

मग ‘यूजीसी-केअर’ आली. २०१९ पासून ही नवी यादी चालवणारा मुख्य कक्ष पुणे विद्यापीठातच होता. तिच्याविषयीही तक्रारी झाल्या. जर्नल यादीत येण्यास लागणारा विलंब, भारतीय भाषांतील नियतकालिकांची उपेक्षा आणि सगळा अधिकार एकाच ठिकाणी एकवटणे, असे आक्षेप होते. अखेर ही यादी बंद करत असल्याचे यूजीसीने फेब्रुवारी २०२५ मध्ये जाहीर केले. जर्नल कसे पारखावे यासाठी काही सूचक निकष दिले आणि निवडीची जबाबदारी उच्च शिक्षण संस्थांवर व संशोधकांवर सोपवली.

तत्त्व म्हणून यात चूक काढणे कठीण आहे. पण पीएचडी झालेल्या प्राध्यापकांनाही जे जमत नव्हते म्हणून यादी करावी लागली, ते आता विसाव्या-एकविसाव्या वर्षीच्या मुलाने जमवायचे आहे.

छापलेच पाहिजे असा नियम आहे का?

नाही. हे आधी स्पष्ट व्हायला हवे, कारण सगळी घाई इथून सुरू होते. ‘ऑनर्स विथ रिसर्च’साठी प्रबंध लागतो. तो जर्नलमध्ये प्रसिद्ध झालाच पाहिजे, अशी अट यूजीसीच्या चौकटीत नाही. उलट नोव्हेंबर २०२२ च्या पीएचडी नियमावलीने प्रबंध सादर करण्यापूर्वी शोधनिबंध प्रसिद्ध करण्याची पूर्वीची सक्तीही काढून टाकली. म्हणजे पीएचडीच्या उमेदवाराला जी सक्ती उरली नाही, ती पदवीच्या मुलावर काही ठिकाणी तोंडी लादली जात आहे.

पीएचडी प्रवेशातही शोधनिबंधाला वेगळा कोटा नाही. याच नियमावलीनुसार विद्यापीठाने प्रवेश परीक्षा घेतल्यास तिला ७० टक्के आणि मुलाखतीला ३० टक्के भार असतो. शोधनिबंधाचा उपयोग होतो तो मुलाखतीत आणि तोही दोन्ही बाजूंनी. मुलाखत घेणारे प्राध्यापक अर्जातील शोधनिबंधाचे नाव वाचून थेट त्यावरच प्रश्न विचारतात. ‘हा नमुना कसा निवडला?’ या प्रश्नावर उमेदवार गप्प राहिला, तर छापलेला कागद उमेदवाराच्या विरोधातच जातो.

मग सक्तीची हवा कशी तयार होते? नॅकच्या मूल्यमापनात संशोधनाचा निकष आहे आणि प्राध्यापकांच्या पदोन्नतीत शोधनिबंध मोजले जातात. या दोन्ही आकड्यांचे ओझे वर्गात झिरपत खाली येते.

विद्यार्थी जर्नल म्हणजे काय?

ज्यात लेखक मुख्यतः पदवीचे विद्यार्थी असतात, पण लेख तपासणारे विषयातील जाणकार असतात, ते विद्यार्थी जर्नल. अमेरिकेत विद्यार्थ्यांनीच स्थापन केलेले ‘जर्नल ऑफ यंग इन्व्हेस्टिगेटर्स’ १९९७ चे. ‘अमेरिकन जर्नल ऑफ अंडरग्रॅज्युएट रिसर्च’ २००२ पासून निघते. ब्रिटनमध्ये वॉरिक विद्यापीठातून निघणारे ‘रीइन्व्हेन्शन’ २००७ मध्ये सुरू झाले आणि त्यात सर्व विषयांतील लेखन येते. गणितासाठी रोज-हल्मन संस्थेचे पदवी विद्यार्थ्यांचे जर्नल आणि उपयोजित गणितासाठी ‘सियाम’ या संघटनेचे ‘सिउरो’ ही दोन नावे या वर्तुळात सर्वांना ठाऊक आहेत. भारतात भौतिकशास्त्र शिक्षकांच्या ‘आयएपीटी’ या संघटनेने विद्यार्थ्यांसाठी जर्नल चालवण्याचा प्रयत्न केला आहे आणि दिल्ली विद्यापीठाने २०१५ च्या सुमारास पदवी संशोधनाचे स्वतःचे जर्नल काढले.

नावावरून मात्र फसू नये. इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटीचे ‘द मॅथेमॅटिक्स स्टुडंट’ १९३३ पासून निघते, पण ते या अर्थाने विद्यार्थी जर्नल नाही. तसेच भारतीय विज्ञान अकादमीचे ‘रेझोनन्स’ हे मासिक पदवीच्या विद्यार्थ्याने वाचावेच असे आहे. मात्र त्याचा भर विज्ञान समजावून देण्यावर आहे.

मोठ्या जर्नलमध्ये संपादक पहिल्या चाळणीत विचारतो : यात जगाला नवे काय? विद्यार्थी जर्नलमध्ये ही अट थोडी सैल असते. निष्कर्ष छोटा चालतो, एका गावापुरता चालतो, अपेक्षित परिणाम मिळाला नाही हेही चालते. पद्धत मात्र पक्की लागते. परीक्षकाचा अभिप्रायही बहुधा सविस्तर असतो, कारण समोर शिकणारा माणूस आहे हे त्याला ठाऊक असते. प्रत्यक्ष छापून येण्याइतकेच, किंबहुना त्याहून जास्त मोल या अभिप्रायाच्या पत्राला आहे. दोन दिवसांत छापणाऱ्याकडे नेमके तेच मिळत नाही.

परीक्षक नेमके काय विचारतो?

एक कल्पित उदाहरण घेऊ. सोलापूर जिल्ह्यातील बीएस्सी रसायनशास्त्राच्या एका विद्यार्थिनीने आपल्या परिसरातील १८ विहिरींच्या पाण्यातील नायट्रेट मोजले. ११ विहिरींत ते प्रमाण भारतीय मानकाच्या, म्हणजे लिटरला ४५ मिलिग्रॅमच्या, वर निघाले. या मानकात पर्यायी स्रोत नसला तरी नायट्रेटला सवलत नाही. विषय महत्त्वाचा, काम प्रामाणिक. तिने शीर्षक दिले : ‘रासायनिक खतांमुळे सोलापूर जिल्ह्यातील भूजलाचे प्रदूषण’.

पहिला परीक्षक विचारील, नमुना घेतल्यापासून मोजणीपर्यंत किती तास गेले? तो कुठे ठेवला होता? नायट्रेटसाठी पाणी चार अंशांच्या आसपास थंड ठेवून ४८ तासांत तपासणे अपेक्षित असते. मे महिन्यात दुचाकीच्या डिकीतून बाटल्या आणल्या असतील, तर ते लिहायला हवे. पुढचा प्रश्न यंत्राचा. अतिनील वर्णपटमापीवर २२० नॅनोमीटरला वाचन घेतले हे ठीक, पण पाण्यातील सेंद्रिय पदार्थही तिथे प्रकाश शोषतात. ती भर वजा करण्यासाठी २७५ नॅनोमीटरला दुसरे वाचन घेतले का? घेतले नसेल तर आकडे फुगलेले असू शकतात.

तिसरा प्रश्न क्षुल्लक वाटतो, पण अनेकदा तिथेच निबंध पडतो. आकडे नायट्रेटचे आहेत की नायट्रेटमधील नायट्रोजनचे? नायट्रेटची ४५ ही मर्यादा नायट्रोजनच्या भाषेत साधारण १० होते. एका पद्धतीने मोजून दुसऱ्या मर्यादेशी तुलना केली, तर निष्कर्ष जवळपास साडेचार पटींनी चुकतो.

दुसऱ्या परीक्षकाला रसायनापेक्षा निवडीत रस असेल. याच १८ विहिरी का? रस्त्यालगतच्या, ओळखीच्या शेतकऱ्यांच्या म्हणून? त्यात काही गैर नाही, पण मग ‘सोलापूर जिल्हा’ असे म्हणता येणार नाही. आणि खतांमुळेच नायट्रेट वाढले हे कशावरून? विहिरीशेजारी उकिरडा होता का, गोठा होता का, शोषखड्डा किती अंतरावर होता? नमुने फक्त उन्हाळ्यात घेतले असतील, तर पावसाळ्यानंतर काय होते?

असे पत्र पहिल्यांदा वाचणाऱ्याला रडू येऊ शकते. पण त्याची उत्तरे देता देता निबंध बदलतो. शीर्षक लहान होते : अमुक गावातील १८ विहिरींमधील उन्हाळ्यातील नायट्रेट. ‘खतांमुळे’ हा शब्द जातो आणि विहिरीपासून उकिरड्याचे अंतर दाखवणारा तक्ता येतो. पावसाळ्यानंतरचे नमुने घ्यायला ती पुन्हा जाते. तेव्हा दोन विहिरींचे आकडे खाली आलेले दिसतील किंवा वर गेलेलेही. काहीही झाले तरी त्या गावच्या ग्रामपंचायतीला वापरता येईल असा कागद तयार झालेला असतो. चोवीस तासांत छापणाऱ्या जर्नलने मूळ शीर्षकासकट, चुकीच्या एककासकट तो तसाच छापला असता आणि पुढे एखाद्या बातमीत ‘संशोधनातून सिद्ध’ म्हणून तो फिरलाही असता.

दुरुस्ती म्हणजे अपमान, ही समजूत आपल्याकडे घट्ट आहे. श्रीनिवास रामानुजन यांचा पहिला शोधनिबंध १९११ मध्ये इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या जर्नलमध्ये आला, तेव्हा त्यांच्याकडे पदवी नव्हती. मांडणी वाचकाला समजेना म्हणून संपादक नारायण अय्यंगार यांनी ते हस्तलिखित पुन्हा पुन्हा परत पाठवले आणि रामानुजन यांनी ते दुरुस्त करून दिले. याच सोसायटीचे ग्रंथालय त्या काळी पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात होते.

निकाल कोणते येऊ शकतात?

जसाच्या तसा स्वीकार फार क्वचित होतो. किरकोळ दुरुस्ती, मोठी दुरुस्ती आणि नकार हे नेहमीचे तीन निकाल. मोठी दुरुस्ती ही चांगली बातमी आहे, हे नवख्यांना कळत नाही आणि बरेच जण तिथेच सोडून देतात. दुरुस्त प्रतीसोबत उत्तराचे वेगळे पत्र जोडायचे असते : परीक्षकाचा प्रत्येक मुद्दा, त्याखाली काय बदलले आणि कोणत्या पानावर. परीक्षकाचे म्हणणे पटले नाही तर तसे कारणांसह लिहिता येते. सगळेच मान्य केले पाहिजे असे मुळीच नाही. नकार आला तरी सोबतचा अभिप्राय आपला असतो. तो वापरून दुसरीकडे पाठवता येते. एकाच वेळी दोन जर्नलना पाठवणे मात्र सर्वत्र निषिद्ध आहे.

बनावट जर्नल ओळखायचे कसे?

‘सायन्स’ या नियतकालिकासाठी पत्रकार जॉन बोहॅनन यांनी २०१३ मध्ये एक सापळा लावला होता. मुद्दाम ढोबळ चुका पेरलेला शोधनिबंध त्यांनी ३०४ जर्नलना पाठवला. १५७ जर्नलनी तो स्वीकारला. सापळ्यातील सुमारे एक तृतीयांश जर्नल भारतातून चालत होती.

विद्यार्थ्यांना दाखवले जाणारे पहिले आमिष आयएसएसएन क्रमांकाचे असते. हा क्रमांक म्हणजे नियतकालिकाची ओळखपट्टी. भारतात तो दिल्लीतील ‘सीएसआयआर-एनआयएससीपीआर’ या संस्थेतील राष्ट्रीय केंद्र देते. गाडीला नंबरप्लेट आहे म्हणून चालकाला गाडी येते असे होत नाही, तसेच हे. डीओआय क्रमांकाचेही तेच, तो लेखाचा कायमचा पत्ता आहे आणि पत्त्यावरून घर चांगले की वाईट ते कळत नाही. ‘इम्पॅक्ट फॅक्टर’ हा आकडा क्लॅरिव्हेट ही कंपनी काढते. भलत्याच संस्थेने दिलेला ‘ग्लोबल’ किंवा ‘सायंटिफिक’ इम्पॅक्ट फॅक्टर आणि त्यात वर्षाला दणकून होणारी वाढ दिसली, की पुढे वाचण्याची गरज नाही.

दुसरी खूण वेळेची. दोन जाणकारांनी फावल्या वेळात, विनामोबदला निबंध वाचायचा, अभिप्राय द्यायचा, लेखकाने दुरुस्ती करायची, हे दोन दिवसांत होऊच शकत नाही. प्रामाणिक विद्यार्थी जर्नललाही काही महिने लागतात. तिसरी खूण व्याप्तीची : एकाच अंकात ज्ञानेश्वरी, नॅनोकण, जीएसटी आणि योगासने एकत्र असतील, तर ते सगळे तपासणारे संपादक मंडळ कोणते, हा प्रश्न विचारावा. संपादकांपैकी दोघांना त्यांच्या महाविद्यालयाच्या ईमेलवर ‘आपण खरोखर या मंडळावर आहात का?’ असे विचारले तरी पुष्कळ उलगडा होतो. नावे परस्पर वापरल्याची उदाहरणे कमी नाहीत.

पैसे घेणे हीच बनावटपणाची खूण, असे मात्र समजू नये. मुक्त प्रवेश देणारी अनेक प्रतिष्ठित जर्नलही शुल्क घेतात. फरक असा की तिथे शुल्काचा प्रश्न परीक्षणानंतर येतो आणि रक्कम आधीपासून संकेतस्थळावर लिहिलेली असते. मुक्त जर्नलची ‘डीओएजे’ ही आंतरराष्ट्रीय सूची विनामूल्य तपासता येते. त्याहून सोपी पारख म्हणजे जर्नलच्या जुन्या अंकातील आपल्या विषयाचे तीन लेख वाचून पाहणे. तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्याला त्यातली चूक दिसत असेल, तर परीक्षकाला का दिसली नाही?

अशा ठिकाणी छापल्याचा तोटा पैशांपुरता नसतो. एकदा प्रसिद्ध झालेले काम दुसरे जर्नल घेत नाही. मागे घ्यायचे म्हटले तर काही ठिकाणी त्याचेही पैसे मागतात. वर्षभराचे खरे काम चुकीच्या जागी अडकून पडते आणि नाव इंटरनेटवर कायम त्याच्या शेजारी दिसत राहते.

लेखक कोण आणि मदत कुणाची?

विद्यार्थी जर्नलमध्ये विद्यार्थी हाच प्रमुख लेखक असावा लागतो. अनेक ठिकाणी मार्गदर्शकाचे संमतीपत्रही मागतात. आपल्याकडे याच टप्प्यावर कटकट होते. वैद्यकीय संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीचा निकष इतर विषयांतही मानला जातो : कामाची आखणी किंवा विदा गोळा करणे-विश्लेषण, लेखनात सहभाग, अंतिम प्रतीला मान्यता आणि मजकुराची जबाबदारी, या चारही गोष्टी करणारा तो लेखक. प्रयोगशाळा वापरू दिली म्हणून विभागप्रमुख लेखक होत नाही. त्यांचे आभार मानायचे असतात. उलट ज्या मॅडमनी प्रश्न सुचवला, आकडे तपासले आणि मसुद्यावर लाल शाई केली, त्यांचे नाव वगळणे हाही अन्यायच. ही बोलणी काम सुरू होतानाच झाली पाहिजेत. निबंध तयार झाल्यावर विद्यार्थ्याला ‘नाही’ म्हणता येत नाही, गुण त्यांच्याच हातात असतात.

वाङ्मयचौर्याबाबत यूजीसीचे २०१८ चे नियम आहेत. दहा टक्क्यांपर्यंतच्या साम्याला शिक्षा नाही, त्यापुढे ४० आणि ६० टक्क्यांवर कारवाईचे टप्पे आहेत. पण टक्केवारी कमी करण्यासाठी शब्द फिरवून देणारी दुकाने निघाली आहेत आणि त्यातून तयार होणारी भाषा कुणालाच कळत नाही. चॅटजीपीटीसारख्या साधनाला लेखक म्हणून नाव देता येत नाही, अशी भूमिका प्रकाशन नीतिमत्तेच्या ‘कोप’ या समितीने २०२३ मध्येच घेतली. ते वापरले असेल तर कशासाठी वापरले हे सांगावे लागते. सर्वांत मोठा धोका संदर्भसूचीत असतो, कारण ही साधने अस्तित्वात नसलेले संदर्भ बेमालूम तयार करतात. सूचीतील प्रत्येक लेख स्वतः उघडून पाहिलेला असावा.

सर्वेक्षणाला परवानगी लागते?

माणसांकडून माहिती घेतली असेल तर बहुधा हो, आणि ती काम सुरू करण्यापूर्वी. आरोग्यविषयक संशोधनासाठी आयसीएमआरची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वे आहेत आणि नीतिसमितीची मंजुरी मागाहून मिळत नाही. वसतिगृहातील मुलींच्या पाळीविषयी किंवा मित्रांच्या मानसिक ताणाविषयी गुगल फॉर्म फिरवून दोनशे उत्तरे गोळा केली आणि नंतर जर्नलने मंजुरीचे पत्र मागितले, की सगळे काम बाद होते. अनेक कला-वाणिज्य महाविद्यालयांत अशी समितीच नसते. चौथे वर्ष सुरू करताना प्रयोगशाळेइतकीच तिची तजवीज हवी होती.

मराठीत लिहिलेल्या संशोधनाचे काय?

इथे पर्याय खरोखरच कमी आहेत. वर उल्लेख केलेली विद्यार्थी जर्नल इंग्रजीत आहेत. मुलाखती मराठीत, नोंदी मराठीत आणि निबंध मात्र इंग्रजीत, अशी कसरत समाजशास्त्र, इतिहास, भाषा या विषयांच्या विद्यार्थ्याला करावी लागते. त्यात आशयाचे बरेच काही सांडते. मराठी अभ्यास परिषदेचे ‘भाषा आणि जीवन’, वाईच्या प्राज्ञपाठशाळेचे १९४७ पासूनचे ‘नवभारत’, मराठी अर्थशास्त्र परिषदेचे ‘अर्थसंवाद’ यांसारख्या नियतकालिकांनी गंभीर मराठी लेखनाची परंपरा सांभाळली आहे. ती विद्यार्थ्यांसाठीची नाहीत आणि नवशिक्याला सविस्तर अभिप्राय देण्याइतकी माणसे त्यांच्याकडे असावीत अशी अपेक्षाही गैर ठरेल. मराठीत लिहिणाऱ्या पदवी विद्यार्थ्यांसाठी, जाणकारांनी तपासलेले एक तरी जर्नल विद्यापीठांनी मिळून चालवणे अवघड नाही. त्याला इमारत लागत नाही. वेळ देणारे परीक्षक लागतात आणि त्या वेळाची कामाच्या तासांत नोंद घेणारे प्रशासन.

वेळेचे गणित कसे बसवायचे?

प्रबंध आठव्या सत्राच्या शेवटी पूर्ण होतो. तो निबंधाच्या आकारात आणायला, म्हणजे साठ-सत्तर पानांची दहा-बारा पाने करायला, महिना-दीड महिना जातो. परीक्षणाला त्यापुढे काही महिने. अभिप्राय येतो तेव्हा विद्यार्थी महाविद्यालय सोडून गेलेला असतो, कुणी नोकरीत, कुणी दुसऱ्या शहरात. काही विद्यार्थी जर्नल पदवीनंतर ठरावीक मुदतीतच निबंध स्वीकारतात, त्यामुळे ‘नंतर बघू’ म्हणणाऱ्याचे दार बंद होते. प्रत्येक जर्नलची ही अट वेगळी असते आणि ती आठव्या सत्राच्या सुरुवातीलाच वाचलेली बरी.

पत्रव्यवहारासाठी महाविद्यालयाने दिलेला ईमेल देऊ नये, निकालानंतर तो अनेकदा बंद होतो आणि दुरुस्तीची मुदत संपून जाते. परीक्षकाने मूळ आकडे मागितले तर ते प्रयोगवहीत असतात आणि वही विभागात जमा झालेली असते. जमा करण्याआधी तिच्या प्रत्येक पानाचा फोटो काढून, तारखेसह स्वतःकडे ठेवावा.